डब्यावरचे एक वाक्य आणि त्यामागचे बालरोगतज्ज्ञ

इतवारीच्या घाऊक बाजारात नाना तऱ्हेचा माल येतो आणि इथून तो आसपासच्या गावांतल्या छोट्या दुकानांपर्यंत जातो. प्रत्येक पुड्यावर, प्रत्येक खोक्यावर त्या मालाची तारीफ छापलेली असते. बाळाच्या दुधाच्या पावडरचा डबा मात्र याला अपवाद आहे. तो हातात घेऊन नीट वाचा. त्यावर ठळक अक्षरांत 'महत्त्वाची सूचना' असते आणि आईचे दूध हेच बाळासाठी सर्वोत्तम आहे, असे लिहिलेले असते. डब्यावर गुटगुटीत बाळाचे चित्र नसते, बाळाला कुशीत घेतलेल्या आईचेही नसते. आपल्या मालापेक्षा दुसरी एक वस्तू चांगली आहे आणि तीही फुकट मिळते, असे स्वतःच्याच डब्यावर कोणता व्यापारी आपखुशीने छापेल?

ते कायद्याने छापावे लागते. हा कायदा देशात होण्यात आणि पुढे जागता राहण्यात काही बालरोगतज्ज्ञांचा मोठा वाटा आहे. आपले दवाखाने आणि वॉर्ड सांभाळून त्यांनी स्वयंसेवी संस्था उभ्या केल्या, त्यांत वर्षानुवर्षे काम केले. या कामाचा एक महत्त्वाचा धागा नागपूरपासून जेमतेम पाऊणशे किलोमीटरवर, वर्ध्यात सुरू होतो. ऑगस्टचा पहिला आठवडा आला की स्तनपान सप्ताहाचे फलक लागतात, भाषणे होतात. त्या फलकांमागची ही गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही.

औषधाने न सुटणारा प्रश्न

बालरोगतज्ज्ञाला दवाखान्याबाहेर का पडावेसे वाटते, हे समजायला शासकीय रुग्णालयातला कुठलाही बालरुग्ण विभाग पाहावा. चार महिन्यांचे बाळ जुलाबांनी कोमेजून येते. टाळू खोल गेलेली, डोळे आत ओढलेले, लघवी सकाळपासून नाही. सलाईन लागते, जलसंजीवनी सुरू होते, झिंक दिले जाते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाळ हसू लागते आणि घरी जाते. घरी त्याची तीच बाटली वाट पाहत असते. रबरी बुचाच्या खाचेत कालचे दूध साचलेले, पाणी माठातले, डबा महिनाभर पुरावा म्हणून चार चमच्यांच्या जागी दोनच चमचे पावडर. तीन आठवड्यांनी तेच बाळ पुन्हा त्याच खाटेवर येते, या वेळी आणखी हलके होऊन.

डॉक्टर जुलाब बरे करू शकतो. ती बाटली घरात का आली, याचे उत्तर औषधाच्या चिठ्ठीवर लिहिता येत नाही. ती जाहिरातीतून आली असेल, प्रसूतिगृहात मिळालेल्या फुकटच्या नमुन्यातून आली असेल, किंवा पांढऱ्या कोटातल्या कुणीतरी सहज म्हटलेल्या 'वरचे दूध सुरू करा' या चार शब्दांतून.

हा अनुभव आपल्याकडचाच नाही. डॉ. सिसिली विल्यम्स या बालरोगतज्ज्ञांनी १९३०च्या दशकात आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानामध्ये, प्रथिनांच्या कमतरतेच्या 'क्वाशिओरकोर' या आजाराचे वर्णन वैद्यकशास्त्रासमोर मांडले. पुढे त्या सिंगापूरला गेल्या. गोड घट्ट दुधाचे डबे बाळांचे दूध म्हणून खपवले जात होते आणि त्यावर वाढणारी बाळे मरत होती, हे त्यांनी तिथे पाहिले. १९३९ मध्ये सिंगापूरच्या रोटरी क्लबसमोर त्यांनी भाषण केले. त्याला नाव दिले, 'दूध आणि खून'. असा प्रचार हा बाळांचा खूनच समजला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. समोर शहरातली प्रतिष्ठित मंडळी बसलेली असताना एका डॉक्टरने हे बोलायला किती धैर्य लागले असेल!

त्यानंतर जगाला जागे व्हायला चार दशके लागली. मे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांच्या विक्रीसाठी आंतरराष्ट्रीय संहिता मंजूर केली. ठरावाच्या बाजूने ११८ देश होते आणि विरोधात एकच, अमेरिका. भारताने १९८३ मध्ये आपली राष्ट्रीय संहिता तयार केली. पण संहिता म्हणजे सल्ला. तो मोडणाऱ्याला शिक्षा नव्हती.

वर्धा, ३ डिसेंबर १९९१

त्या दिवशी वर्ध्यात 'ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया' म्हणजेच 'बीपीएनआय' या संस्थेची स्थापना झाली. जालंधरचे बालरोगतज्ज्ञ डॉ. अरुण गुप्ता यांनी पुढे अनेक वर्षे तिची धुरा वाहिली. देशभरातले बालरोगतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ, परिचारिका आणि आहारतज्ज्ञ तिच्याशी जोडले गेले.

या संस्थेने आपल्या पैशांबाबत एक नियम घालून घेतला. बाळाच्या दुधाची पावडर, बाळाचे डबाबंद अन्न किंवा दुधाच्या बाटल्या बनवणाऱ्या कंपन्यांकडून निधी घ्यायचा नाही. वाचताना हा नियम साधा वाटेल. वैद्यकीय परिषदांचे मंडप, जेवणावळी आणि पिशव्या कुणाच्या खर्चाने येतात हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना त्याचे मोल कळेल. स्वयंसेवी काम करणाऱ्या डॉक्टरचा वेळ तर जातोच, पण अनेकदा आपल्याच व्यवसायबंधूंची नाराजीही त्याच्या वाट्याला येते. परिषदेचा प्रायोजक कोण, असे विचारणारा सदस्य सगळ्यांना आवडतोच असे नाही.

पुढच्याच वर्षी, १९९२ मध्ये, संसदेने बाळाच्या दुधाचे पर्याय, दुधाच्या बाटल्या आणि शिशुआहार यांचे उत्पादन, पुरवठा व वितरण यांचे नियमन करणारा कायदा केला. १ ऑगस्ट १९९३ पासून तो लागू झाला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक करण्यात आला. सामान्य वाचकाने त्यातल्या या गोष्टी लक्षात ठेवाव्यात:

दोन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठीची दूध पावडर, डबाबंद शिशुआहार आणि दुधाच्या बाटल्या यांची जाहिरात करता येत नाही. त्यांचे नमुने किंवा भेटवस्तू वाटता येत नाहीत. विक्री वाढवण्यासाठी गरोदर बाईशी किंवा बाळाच्या आईशी संपर्क साधता येत नाही. रुग्णालयात या मालाचे फलक लावता येत नाहीत. डॉक्टर, परिचारिका किंवा त्यांच्या संघटनांना कंपनीने पैसे, भेटी, परिषदेचा खर्च किंवा संशोधनासाठी निधी देणे हा गुन्हा आहे. डब्यावर बाळाचे अथवा स्त्रीचे चित्र छापता येत नाही. उल्लंघन केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

तक्रार कोण करणार?

या कायद्यात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते कलम तक्रारीविषयीचे आहे. सरकारी अधिकाऱ्यांबरोबरच, बालकल्याण आणि बालपोषणाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थेलाही राजपत्रात अधिकृत करून न्यायालयात तक्रार दाखल करण्याचा अधिकार देता येतो. पाळण्यातल्या बाळाला बोलता येत नाही, मत देता येत नाही, ग्राहक मंचात जाता येत नाही. त्याच्या वतीने बोलणाऱ्यांना कायद्याने इथे जागा करून दिली.

'बीपीएनआय'ला हा अधिकार मिळाला. तसाच तो मुंबईच्या 'ॲकॅश' या संस्थेलाही मिळाला. आरोग्य आणि सुरक्षिततेच्या प्रश्नांवर ग्राहकांच्या बाजूने उभी राहणारी ही संस्था. तिच्यामागची ठळक व्यक्ती म्हणजे मुंबईचे बालरोगतज्ज्ञ डॉ. आर. के. आनंद. १९९०च्या दशकात डब्यांवरच्या मजकुरावरून या संस्थेने एका बड्या बहुराष्ट्रीय कंपनीविरुद्ध दिल्लीच्या न्यायालयात तक्रार नेली. एका बाजूला कंपनीचे नामवंत वकील, दुसऱ्या बाजूला आपली ओपीडी आटोपून कागदपत्रे जुळवणारे डॉक्टर.

अशा कामात डॉक्टर नेमके काय करतो, असा प्रश्न पडेल. बरेचसे काम कंटाळवाणे असते. डबे विकत आणून मजकूर वाचायचा, अक्षरांचा आकार पाहायचा, जाहिरातींची कात्रणे ठेवायची, मंत्रालयाला पत्र लिहायचे, उत्तर आले नाही की पुन्हा लिहायचे. परिचारिकांना आणि आशाताईंना बाळ अंगावर नीट कसे धरायचे ते शिकवायचे. यात टाळ्या नसतात, बरे झालेल्या बाळाचे आईवडील पेढे घेऊन येत नाहीत. बाटलीमुळे जे बाळ आजारी पडलेच नाही, त्याच्या घरच्यांना या डॉक्टरचे नावही ठाऊक नसते.

मुंबईतच दुसऱ्या एका बालरोगतज्ज्ञांनी वेगळी वाट धरली. शीव रुग्णालयाच्या नवजात शिशू विभागाच्या डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी २७ नोव्हेंबर १९८९ रोजी तिथे मानवी दुधाची पेढी सुरू केली. आशिया खंडातली ती पहिली. ज्या बाळाची आई नाही, अथवा आजारी आहे, त्याला दुसऱ्या आईने दिलेले, तपासून निर्जंतुक केलेले दूध मिळू लागले. आईच्या दुधाचा आग्रह धरणाऱ्यांना 'मग ज्यांना आई नाही त्यांनी काय करायचे?' असे विचारले जाते, त्याला हे कृतीतून दिलेले उत्तर होते. पुढे, रुग्णालयात पोहोचण्याआधीच बाळाचे बरेचसे ठरून गेलेले असते हे ओळखून, १९९९ मध्ये त्यांनी 'स्नेहा' ही संस्था स्थापली. धारावीसारख्या वस्त्यांमध्ये माता, बालके आणि हिंसाचाराला तोंड देणाऱ्या स्त्रिया यांच्यासाठी ती काम करते.

या दुधात असते तरी काय?

इतका आटापिटा कशासाठी? 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने २०१६ मध्ये जगभरच्या अभ्यासांचा आढावा छापला. स्तनपान जवळजवळ सर्वत्र योग्य प्रकारे झाले तर दरवर्षी पाच वर्षांखालील ८ लाख २३ हजार बालमृत्यू टळू शकतील, असा त्यातला अंदाज आहे. एवढे करू शकणारी लस किंवा औषधे फार थोडी आहेत.

त्यामागचे विज्ञान सुंदर आहे. समजा, इतवारीत राहणाऱ्या एका बाळंतिणीच्या पोटात तिथल्या पाण्यातला एखादा जंतू गेला. तिच्या आतड्याच्या भिंतीतल्या पेशी त्या जंतूला ओळखतात. त्यांपैकी काही पेशी रक्तावाटे थेट स्तनांत पोहोचतात आणि तिथे नेमक्या त्याच जंतूविरुद्धची प्रतिपिंडे तयार करतात. ती दुधातून बाळाच्या आतड्यात जाऊन अस्तरासारखी पसरतात. म्हणजे बाळ ज्या गल्लीत वाढणार, त्या गल्लीतल्या जंतूंचा बंदोबस्त त्या दुधात आधीच झालेला असतो. कुठल्याही कारखान्यातल्या डब्यात ही सोय करता येत नाही.

पहिल्या दोन-तीन दिवसांतले घट्ट पिवळे दूध, म्हणजे चीक, थोडाच येतो. पण नवजात बाळाचे पोटही एका वेळी छोटा चमचाभर दूध मावेल एवढेच असते. 'बाळाले दूधच पुरत नाही जी, डॉक्टरसाहेब' ही तक्रार बहुतेक वेळा याच दिवसांतली असते. बाळ रडते, आजी घाबरते, बाटली येते. इथे दुधाचा हिशेब समजून घ्यायला हवा. बाळ जितके ओढेल तितके दूध तयार होते. वरच्या दुधाने पोट भरलेले बाळ अंगावर कमी ओढते, मग दूध खरोखरच कमी होते, आणि 'दूध पुरत नाही' हे भाकीत आपणच खरे करून दाखवतो. दूध तयार करणाऱ्या प्रोलॅक्टिन या संप्रेरकाची पातळी रात्री जास्त असते, म्हणून रात्रीचे पाजणे टाळू नये.

पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे उतरते, साधारण दोन आठवड्यांत ते भरून येते. चौथ्या-पाचव्या दिवसानंतर बाळ चोवीस तासांत सहा किंवा त्याहून जास्त वेळा लघवी करत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरते आहे.

नागपूरचा उन्हाळा आणि बाळाचे पाणी

आपल्याकडे पारा ४५ अंशांवर गेला की बाळाला चमचाभर पाणी द्यायचा मोह घरातल्या प्रत्येकाला होतो. आईच्या दुधात जवळपास ८८ टक्के पाणीच असते. पहिले सहा महिने, ऐन मे महिन्यातही, बाळाला वेगळ्या पाण्याची गरज नसते. त्याला जास्त वेळा अंगावर घ्यावे आणि पाणी आईने भरपूर प्यावे. जन्मघुटी, गुळाचे पाणी, ग्राइप वॉटर यांनाही या सहा महिन्यांत जागा नाही. मध तर वर्षभर चाटवू नये. त्यातल्या काही जंतूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळाला बोटुलिझम हा स्नायू लुळे पाडणारा गंभीर आजार होऊ शकतो.

अर्थात, काही मोजक्या वेळी वरचे दूध खरेच लागते. गॅलॅक्टोसेमियासारखा जन्मजात आजार असेल, आईला कर्करोगाची औषधे सुरू असतील, आईच हयात नसेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने पावडर वापरावी. सांगितलेल्या प्रमाणात, उकळलेल्या पाण्यात, ताजी करून, वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने द्यावी. अशा आईला कुणी टोमणे मारू नयेत. या डॉक्टरांचा झगडा डब्याच्या बाजाराशी होता, डबा उघडावा लागलेल्या आईशी तो कधीच नव्हता.

आकडे काय सांगतात?

जन्मानंतर पहिल्या तासात बाळाला अंगावर घ्यावे, हे आता कुणाला नवीन नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या आणि पाचव्या फेरीची तुलना करून पाहा. देशात रुग्णालयातल्या प्रसूतींचे प्रमाण ७८.९ टक्क्यांवरून ८८.६ टक्क्यांवर गेले. पहिल्या तासात दूध मिळालेल्या बाळांचे प्रमाण मात्र ४१.६ वरून ४१.८ टक्के, म्हणजे जिथल्या तिथे! बाळंतपण डॉक्टर-परिचारिकांच्या हातात आले, तरी निम्म्याहून जास्त बाळांना तो पहिला तास मिळत नाही. याचे उत्तर आम्हा रुग्णालयवाल्यांनी द्यायचे आहे. सिझेरियन झाले, टाके घालणे चालू आहे, खाटा अपुऱ्या आहेत, परिचारिका एक आणि बाळंतिणी अनेक, ही कारणे खरी आहेत. तरीही सिझेरियननंतर आई शुद्धीवर असेल आणि बाळ ठीक असेल तर ते लवकर तिच्या छातीशी देता येते. त्यासाठी यंत्र लागत नाही, बाळ धरून ठेवणारे एक माणूस लागते.

दिलासा देणारा आकडाही आहे. पहिले सहा महिने निव्वळ अंगावरच्या दुधावर असलेल्या बाळांचे प्रमाण याच काळात ५४.९ वरून ६३.७ टक्क्यांवर गेले. आशाताईंच्या घरभेटी, स्तनपानाचे समुपदेशन आणि २०१६ मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेला 'मा' कार्यक्रम, असे अनेक हात त्यामागे आहेत. नवजात बाळाला घरी जाऊन पाहण्याची ही पद्धत आपल्याच विदर्भात, गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने सिद्ध करून दाखवली होती.

जाहिरात आता मोबाइलमध्ये

वर्तमानपत्रात किंवा दूरदर्शनवर दूध पावडरची जाहिरात आता दिसत नाही. म्हणून लढाई संपली असे समजू नये. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २०२२ मध्ये आठ देशांतल्या पालकांची आणि गरोदर स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली. निम्म्याहून अधिक जणांपर्यंत या कंपन्यांचा प्रचार पोहोचला होता. या व्यवसायाची जगातली वार्षिक उलाढाल सुमारे ५५ अब्ज डॉलर आहे. प्रचाराचे मार्ग बदलले आहेत. समाजमाध्यमावरची एखादी 'ताई' स्वतःच्या बाळाचे कौतुक करता करता डबा दाखवते, मातांच्या समूहात कुणी 'तज्ज्ञ' शिरतो, दोन वर्षांपुढच्या मुलांच्या पावडरला तशाच रंगाचा डबा मिळतो. १९९१ मध्ये कात्रणे जमवणाऱ्यांच्या जागी आज मोबाइलवरचा पुरावा जपून ठेवणारे लोक हवे आहेत.

त्यासाठी बालरोगतज्ज्ञच असायला हवे, असे नाही. औषधाच्या दुकानात, प्रसूतिगृहात किंवा मोबाइलवर बाळाच्या दुधाची जाहिरात, फुकटचा नमुना अथवा 'एकावर एक मोफत' अशी योजना दिसली तर तिचे छायाचित्र तारखेसह ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाच्या अन्न सुरक्षा अधिकाऱ्याकडे किंवा या क्षेत्रातल्या संस्थेकडे पाठवा. डॉक्टरांनी वरचे दूध लिहून दिले तर 'कशासाठी?' आणि 'किती दिवस?' हे दोन प्रश्न जरूर विचारा. असे विचारल्याने चांगल्या डॉक्टरला राग येत नाही.

घरातल्यांनी बाळंतिणीला डिंकाच्या लाडवांबरोबर झोप आणि उसंतही द्यावी. कामावर परतणाऱ्या आईने दूध हाताने काढून स्वच्छ झाकणाच्या भांड्यात ठेवावे. बाहेर चार तासांपर्यंत, उन्हाळ्यात त्याहूनही कमी, आणि फ्रीजमध्ये चोवीस तासांच्या आत ते वापरावे. प्रसूती रजेच्या सुधारित कायद्याने २०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा दिली आहे, ती संघटित क्षेत्रातल्या बाईला. बाजारात हमाली करणारी, धान्य निवडणारी किंवा चार घरची धुणीभांडी करणारी आई बाळ कुठे ठेवून कामाला जाणार, हा प्रश्न अजून बाकी आहे. तिच्या बाळाला सहा महिने आईजवळ राहता येईल अशी व्यवस्था अजून कोणत्याही कलमात नीट बसलेली नाही. बाळांच्या बाजूने उभे राहू पाहणाऱ्या तरुण डॉक्टरांसाठी पुढचे काम इथे आहे.